नाशिकहून परदेशात गाडी चालवायला निघालात? परवाना कसा काढायचा आणि तिथल्या पाट्या कशा वाचायच्या

अंबड-सातपूरच्या कंपनीतून सहा-आठ महिन्यांसाठी जर्मनीला निघालेला इंजिनिअर असो, मुलाकडे अमेरिकेला निघालेले आईवडील असोत, की चौघं मित्र मिळून जपानची सहल ठरवणारे असोत, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "आपलं लायसन्स तिकडे चालतं का हो?" त्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, म्हणजे आपल्या लायसन्सचा इतर भाषांतला उतारा असलेलं छोटं पुस्तक. मी तो काढून बाहेर गाडी चालवली आहे. त्यामुळे ओळखीतलं कोणी निघालं की फोन मला येतो. फोनवर जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधीच सांगतो, परवाना हा यातला सोपा भाग आहे. तो पैसे भरून आणि रांगेत उभं राहून मिळतो. अवघड भाग रस्त्यावर आहे. तिथल्या पाट्या बघून "अरे, या तर आपल्याच" असं वाटतं, आणि फसायला होतं ते तिथेच. चित्रं जगभर बरीचशी सारखी झाली आहेत, पण चौकात आधी कोण जाणार हे देशागणिक बदलतं.

१. आधी देश बघा, मग परवान्याचं बोला

'आंतरराष्ट्रीय' म्हटल्यावर सगळीकडे चालेल असं वाटतं, पण तसं नाही. हा परवाना वेगवेगळ्या करारांखाली निघतो. भारत १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार परवाना देतो. पुढे ८ नोव्हेंबर १९६८ ला व्हिएन्नात दोन करार झाले, एक वाहतुकीच्या नियमांचा आणि दुसरा पाट्या-सिग्नलचा. काही देश जुना करार धरून आहेत, काही नवा, काही दोन्ही, आणि काही एकही नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा:

- जपान फक्त १९४९ च्या कराराचा परवाना मानतो. आपला नेमका तोच आहे, त्यामुळे चालतो.
- व्हिएतनाम फक्त १९६८ चा मानतो. हल्ली नाशिकहून तिकडे जाणारे खूप आहेत आणि तिथे स्कूटर सहज भाड्यानं मिळते. मिळते म्हणजे चालवणं कायदेशीर आहे असं नव्हे.
- चीन कुठलाच आंतरराष्ट्रीय परवाना मानत नाही.
- ब्रिटनमध्ये आपल्या मूळ लायसन्सवर पहिले बारा महिने गाडी चालवता येते.
- जर्मनीत मूळ लायसन्ससोबत त्याचं अधिकृत जर्मन भाषांतर ठेवा. राहायला गेलात तर ही सवलत सहा महिने. त्यानंतर जर्मन लायसन्स लागतं, आणि भारतीय लायसन्स थेट बदलून मिळत नाही. लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नोकरीसाठी जाणाऱ्यांनी हा खर्च आणि वेळ आधीच धरून ठेवावा.
- अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा.

सरकारी नियम एक आणि गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा नियम दुसरा, हेही असतं. काही ठिकाणी पोलिसांना मूळ लायसन्स पुरतं, पण काउंटरवरचा माणूस परवान्याचं पुस्तक मागतो आणि नसेल तर किल्ली देत नाही. म्हणून बुकिंग करतानाच त्यांना ईमेल करून लेखी विचारून घ्या.

२. कागद जमवा

- चालू मुदतीचं मूळ लायसन्स (स्मार्ट कार्ड)
- पासपोर्ट: पहिलं आणि शेवटचं पान
- व्हिसा आणि तिकिटाची प्रत
- अर्ज: नमुना ४ए
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- पत्त्याचा पुरावा

जुन्या याद्यांत व्हिसा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र सक्तीचं दिसेल. जानेवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं या दोन्ही अटी काढल्या; व्हिसाची यासाठी, की कित्येक देशांचा व्हिसा तिथे उतरल्यावरच मिळतो. तरी खिडकीवर वाद घालत बसण्यापेक्षा व्हिसा हाती असेल तर त्याची प्रत फाइलला लावून टाका.

खरी अडचण येते ती नावाची. आपल्याकडे लायसन्सवर कधी आडनाव आधी, कधी शेवटी, मध्ये वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. आणि पासपोर्टवर भलताच क्रम. लग्नानंतर पासपोर्ट नव्या नावानं आणि लायसन्स माहेरच्या नावानं, हे तर घरोघरी आहे. नावातला असा फरक आधी लायसन्सवर दुरुस्त करून घ्या. पत्त्याचंही तेच. लायसन्स पुण्याचं, राहायला आता इंदिरानगरला, असं असेल तर आधी पत्ता बदला, मग परवान्याच्या मागे लागा. ज्यांच्याकडे अजून जुनं पुस्तकवालं लायसन्स आहे त्यांनी त्याची नोंद ऑनलाइन दिसते का ते पाहावं. नसेल तर तिथूनच सुरुवात.

३. सारथीवर अर्ज, मग पेठ रोड

परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये जा, लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाका. सेवांच्या यादीत आंतरराष्ट्रीय परवान्यापुढे खूण करा, कागद अपलोड करा, पैसे भरा. केंद्रीय नियमांत शुल्क १,००० रुपये आहे. इतर काही जोडलं जात असेल तर ते पैसे भरताना दिसेल. पावती आणि भरलेला अर्ज छापून ठेवा.

मग मूळ कागद घेऊन पंचवटीतल्या पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात. मालेगाव भागातल्यांचं कार्यालय वेगळं आहे, एमएच-४१, तेव्हा 'जिल्हा नाशिक' आहे म्हणून पेठ रोडला येऊ नका. सकाळी कार्यालय उघडतानाच गेलेलं बरं; दुपारी जेवणाच्या सुमारास पोचलात तर तुमचा दिवस गेला म्हणून समजा.

फाटकाशी "साहेब, कोणतं काम?" म्हणत एजंट येतील. या कामाला एजंट लागत नाही, अर्ज तुम्ही घरी बसूनच केलेला असतो. त्याहून मोठा धोका इंटरनेटवरचा. तीन वर्षं, पाच वर्षं मुदतीचं चकचकीत 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' विकणाऱ्या साइट आहेत. जिनिव्हा कराराचा खरा परवाना एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा नसतोच. पाच वर्षं लिहिलेलं दिसलं की समजा, कागद खोटा.

४. हातात आलेलं पुस्तक तिथेच उघडून बघा

पूर्वी प्रत्येक राज्याचं पुस्तक वेगळं असायचं, आकार वेगळा, रंग वेगळा, आणि बाहेरचे अधिकारी ते बघून बुचकळ्यात पडायचे. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानं देशभरासाठी एकच नमुना ठरवला आणि त्यावर लायसन्सशी जोडलेला क्यूआर कोडही आणला.

खिडकीपासून हलण्याआधी चार गोष्टी तपासा: नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे, जन्मतारीख, मुदत आणि वाहनाचा वर्ग. शेवटच्या गोष्टीकडे फार जण बघत नाहीत. परवान्यात 'ए' म्हणजे मोटरसायकल आणि 'बी' म्हणजे साधी मोटार. तुमच्या मूळ लायसन्सवर फक्त मोटारच असेल तर 'ए'ला शिक्का मिळणार नाही. मग थायलंडला जाऊन स्कूटर घेतली आणि पडलात, तर विमा कंपनी हात वर करते. दवाखान्याचं बिल मात्र तुमच्या नावानं येतं.

मुदत परवाना निघाल्या तारखेपासून एक वर्ष, किंवा मूळ लायसन्स संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल ते. त्यामुळे दिवाळीत जायचं असेल तर होळीत काढून ठेवू नका.

आणि हे पुस्तक एकटं काही कामाचं नाही. ते तुमच्या लायसन्सचा इतर भाषांतला उतारा आहे, मूळ कार्ड सोबत हवंच. इथे मोबाइलवरचं डिजिलॉकर दाखवून सुटायची सवय झालेली असते. तिथे ते कोणी बघणार नाही.

५. पाट्या शिका: आधी आकार, मग रंग, चित्र सगळ्यात शेवटी

रस्त्यावरचे धोके चित्रानं दाखवायचे, म्हणजे परदेशी माणसालाही कळतील, हे पॅरिसमध्ये १९०९ च्या करारात ठरलं. तेव्हा चारच चित्रं होती: रस्त्यातला खड्डा-उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. आजची यादी मोठी आहे, पण मूळ विचार तोच. पाट्यांच्या व्हिएन्ना करारात भारत १९८० मध्ये सामील झाला. म्हणून आपल्या पाट्या युरोपातल्या पाट्यांच्या भाऊबंद वाटतात.

आकार पाठ करा, बाकीचं आपोआप येतं:

- लाल काठाचा त्रिकोण, टोक वर: पुढे धोका, सावध.
- उलटा त्रिकोण, टोक खाली: समोरच्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्या.
- अष्टकोन: पूर्ण थांबा. हा आकार दुसऱ्या कुठल्याच पाटीला नाही. बर्फानं झाकली असली किंवा मागच्या बाजूनं दिसली तरी ओळखू येते.
- लाल काठाचं वर्तुळ: मनाई किंवा मर्यादा.
- निळं वर्तुळ: हे करायलाच हवं. बाण उजवीकडे असेल तर उजवीकडेच.
- चौकोन-आयत: माहिती.

पार्किंगच्या दोन पाट्यांची गल्लत फार होते. निळ्या वर्तुळावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे गाडी लावून जाऊ नका. माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. दोन रेघांची फुली म्हणजे क्षणभरही थांबायचं नाही. या दोन्ही पाट्या आपल्याकडेही आहेत, पण कॉलेज रोडवर आपण पाटीपेक्षा टोइंगची गाडी कुठे आहे ते जास्त बघतो.

सराव करायचा असेल तर पैसे लागत नाहीत. मुंबईला जाताना कसारा घाटात शेजारच्या सीटवर बसा आणि दिसेल ती पाटी मोठ्यानं म्हणा: तीव्र उतार, नागमोडी वळण, दरड कोसळण्याचा धोका. सिन्नरकडून समृद्धीवर गेलात तर द्रुतगती मार्गाच्या पाट्या मिळतील: पुढचा निर्गम, म्हणजे बाहेर पडायची वाट, किती अंतरावर, कोणती लेन कुठे जाते. आपल्या शहरात चुकलं की पुढच्या चौकातून वळता येतं. द्रुतगती मार्गावर निर्गम हुकला की पुढच्या निर्गमापर्यंत जावंच लागतं. तिथे उलटं येणं किंवा मध्येच गाडी थांबवणं हा विचारसुद्धा करायचा नाही.

करार सगळ्यांना एकच साचा देत नाही, हेही लक्षात असू द्या. धोक्याच्या पाटीसाठी त्यातच दोन पर्याय आहेत: लाल काठाचा त्रिकोण किंवा पिवळा शंकरपाळी आकार. अमेरिका व्हिएन्ना करारात नाही, पण तिथे धोक्याला पिवळी शंकरपाळीच. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमध्येही तीच. जपानची थांबा पाटी तर अष्टकोनी नाहीच. ती लाल उलटा त्रिकोण आहे. आपल्याला तो 'वाट द्या' वाटेल, पण तिथे चाक पूर्ण थांबलं पाहिजे. २०१७ पासून नव्या पाट्यांवर जपानी अक्षरांखाली इंग्रजीतही लिहू लागले आहेत, पण जुन्या पाट्या असतातच.

६. आधी कोण जाणार: इथेच आपले लोक अडकतात

आपल्याकडे चौकात आधी कोण जाणार हे नियमापेक्षा गाडीच्या आकारावर आणि चालकाच्या छातीवर ठरतं. ज्याचं नाक आधी घुसलं तो गेला. युरोपात हे आधीच ठरलेलं असतं, आणि ज्याचा हक्क आहे तो तुमच्याकडे न बघता येतो.

चौकात पाटी नाही, सिग्नल नाही, तर जर्मनीसारख्या देशांत उजवीकडून येणारा आधी. तो गल्लीतून येत असला आणि तुम्ही रुंद रस्त्यावर असलात तरीही. जर्मनीत भाच्याच्या गाडीत मी शेजारी बसलो होतो. ताशी ३० ची वस्ती, सरळ रस्ता. उजवीकडच्या बोळातून एक आजीबाई छोटी गाडी घेऊन थेट आल्या. मान वळवली नाही की वेग कमी केला नाही. भाच्यानं मात्र आधीच गाडी जवळजवळ थांबवलेली. मी काही बोलणार तोच म्हणाला, "मामा, हक्क त्यांचा आहे." आपल्याकडेही पाटी नसलेल्या चौकात उजवीकडच्याला वाट द्यायची असं नियमात आहेच, पण पाळणारा भेटला तर मला कळवा.

हा उजवीकडचा हक्क जिथे लागू नाही तिथे पाटी असते: पांढऱ्या काठाचा पिवळा चौकोन, टोकावर उभा केलेला. म्हणजे तुम्ही मुख्य रस्त्यावर आहात आणि बाकीचे थांबतील. त्याच पाटीवर काळी तिरकी रेघ आली की तुमचा हक्क संपला. आपल्या रस्त्यांवर ही पाटी दिसत नाही, त्यामुळे डोळा तिच्यावरून सरकून जातो. युरोपला जाणाऱ्यांनी एकच पाटी पाठ करायची तर ही करावी.

गोल चौक. मिको सर्कल, जेहान सर्कलची सवय इथे उपयोगाची नाही. नियम असा की आत फिरणाऱ्याचा हक्क, आत शिरणाऱ्यानं थांबायचं. ब्रिटनमध्ये आपल्यासारखं घड्याळाच्या दिशेनं फिरतात आणि उजवीकडे बघून शिरतात. जर्मनी-फ्रान्समध्ये उलट दिशेनं, आणि बघायचं डावीकडे. बाहेर पडताना इंडिकेटर द्यायचाच.

झेब्रा. पादचारी पट्ट्यांपाशी नुसता उभा दिसला तरी थांबायचं. तुम्ही हॉर्न वाजवून पुढे गेलात तर लोक वळून बघतील, आणि बघणाऱ्यांत पोलीस असू शकतो.

लुकलुकणारा सिग्नल. आपल्याकडे रात्री पिवळा दिवा लुकलुकू लागला की मोकळं रान. जर्मनीत सिग्नल बंद असला की त्याच खांबावरची पाटी लागू होते, म्हणून दिव्यासोबत खांबही वाचा. अमेरिकेत लाल दिवा लुकलुकत असेल तर ती थांबा पाटी समजायची.

गावाची पाटी. आपल्या महापालिकेच्या स्वागत कमानीखालून जाताना ब्रेकवर कोणाचा पाय जात नाही. जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी हीच वेगमर्यादेची पाटी आहे: तिथून ताशी ५०, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. नावावर लाल तिरकी रेघ दिसली की गाव संपलं, आता १००. फ्रान्समध्ये गावात ५०, बाहेर साध्या रस्त्यावर साधारण ८०, मोटरवेवर १३०, आणि पाऊस असेल तर ११०.

७. अमेरिका आणि जपानसाठी थोडं वेगळं

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये आकडे मैलांचे. ५५ लिहिलं असेल तर ते आपले साधारण ८८ किलोमीटर.

अमेरिकेत चारही बाजूंना थांबा पाटी असलेले चौक पावलोपावली आहेत. जो आधी पोचून थांबला तो आधी निघतो. दोघं एकदम पोचले तर उजवीकडचा. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, कोणी येत नाही हे पाहून उजवीकडे वळता येतं, मात्र मनाईची पाटी असेल तिथे नाही, आणि न्यूयॉर्क शहरात तर सर्वसाधारण मनाईच आहे. पिवळी शाळेची बस थांबून लाल दिवे लुकलुकवत असेल तर मागच्यानं थांबायचं, आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यानंही. यात सूट मिळत नाही.

जपान आपल्यासारखं डावीकडून चालतं, म्हणून आपल्याला सोपं. एक सवय मात्र लावून घ्या: रेल्वे फाटक उघडं असलं तरी आधी पूर्ण थांबायचं, दोन्हीकडे बघायचं, मगच रुळ ओलांडायचे.

८. गाडी ताब्यात घेताना

- क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं. बायकोच्या नावानं बुकिंग आणि नवऱ्याचं कार्ड, असं केलंत तर काउंटरवर अडाल.
- दुसरा कोणी चालवणार असेल तर त्याचं नाव करारात घाला. न घालता चालवलं तर विमा लागू नाही.
- निघण्याआधी गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट.
- युरोपात गिअरवाली गाडी आणि डावीकडचं स्टिअरिंग, असं दोन्ही एकदम नको. थोडे जास्त पैसे पडले तरी ऑटोमॅटिक मागा.

पहिला अर्धा तास पार्किंगमध्येच काढा. आपल्या बहुतेक गाड्यांना इंडिकेटर उजव्या हाताला असतो, युरोपातल्या गाड्यांना डाव्या. त्यामुळे वळायला गेलात की लख्ख उन्हात वायपर सुरू होतात. हे प्रत्येकाचं होतं, लाजू नका. रस्त्याची बाजू लक्षात ठेवायची खूण एकच: चालकाची बाजू नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे. सरळ रस्त्यावर कोणी चुकत नाही. चुकतात ते पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, किंवा पहाटे रिकाम्या रस्त्यावर वळताना. शेजारी बसणाऱ्याला तेवढं एकच काम देऊन ठेवा, प्रत्येक वळणावर बाजू सांगायचं.

९. चलन आलं किंवा मुदत संपली तर

कॅमेऱ्यानं टिपलेलं चलन आधी भाडे कंपनीकडे जातं. ती तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे पैसे तुमच्या कार्डातून वेगळे कापते. मूळ दंडाचं पत्र मग कधीतरी नाशिकच्या पत्त्यावर येतं. कापलेले पैसे म्हणजे दंड भरला असं समजू नका, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाड्याचा करारनामा वर्षभर तरी जपून ठेवा.

आंतरराष्ट्रीय परवान्याचं नूतनीकरण होत नाही, दर वेळी नवा अर्ज करायचा. बाहेर असतानाच तो संपला तर २०२१ पासून तिथल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो. अर्ज आपल्याच आरटीओकडे येतो आणि नवं पुस्तक कुरिअरनं तिकडच्या पत्त्यावर जातं. मूळ लायसन्स चालू असेल तरच हे जमतं, म्हणून लांब मुक्कामाला निघण्यापूर्वी त्याची शेवटची तारीख बघा. ती मुक्कामाच्या काळातच येत असेल तर नूतनीकरण किती आधी करून मिळेल हे आरटीओत विचारून मगच तिकीट काढा.